जऊळक्याच्या हौदातलं जहाज

मालेगावच्या बाजारात कुणी माझी ओळख करून दिली की ती एकाच वाक्यात उरकते. "हे मधुकरराव. यांचं जहाज बुडालं होतं." मी लगेच दुरुस्ती करतो, "एकदा नाही हो, पुष्कळदा. आणि बुडालं नव्हतं, आम्हीच बुडवत होतो." हे ऐकलं की समोरचा माणूस आधी माझ्या पायांकडे बघतो. ते सुलटे आहेत ना, याची खात्री करून घेत असावा.

त्याचीही चूक नाही. आमच्या वाशीमकडच्या माणसाला समुद्र म्हणजे शाळेतल्या नकाशातला निळा रंग. मीही वयाच्या विशीपर्यंत विहिरीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. बाबा लोकांच्या शेतावर राबत. मी मालेगावात एका दुकानात ऑइल इंजिनं दुरुस्त करायचो आणि ती बसवायला खेड्याखेड्यांतल्या विहिरींवर जायचो. मुंबईच्या गोदीत माझा मावसभाऊ कामाला होता. त्यानं बोलावलं म्हणून गेलो, आणि दोन-तीन जहाजांवर हात काळे करून शेवटी एका परदेशी कंपनीच्या जहाजावर पंपमन म्हणून लागलो. पंप विहिरीवर असो की जहाजावर, पाइपात हवा शिरली की तो रुसतो, आणि त्याची समजूत कशी घालायची ते मला येत होतं.

हे जहाज वेगळंच होतं. सत्तरीचं दशक संपत आलं होतं आणि अशी जहाजं जगात नुकतीच निघाली होती. पुढे खलाशांच्या राहण्याची इमारत, मागे दोन कोपऱ्यांवर दोन मनोरे, आणि मधे नुसतं सपाट मैदान. त्यावर काहीच नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, बांधकाम अर्धवट राहिलं आहे.

काम सांगतो. काही माल इतका जड असतो की जगातली कुठलीही क्रेन त्याला उचलू शकत नाही. समुद्रातून तेल काढणारा रिग घ्या. लोखंडाचा अख्खा वाडाच तो, वर तीन पाय आभाळात गेलेले. तो पाण्यावर तरंगतो, पण त्याला दोरीनं ओढत महासागर पार करायचा म्हणजे महिनोन्‌महिने लागतात, आणि वाटेत वादळ आलं तर संपलंच. म्हणून आमचं जहाज एखाद्या शांत खाडीत जाऊन उभं राहायचं. पोटातल्या टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी घ्यायचं. घेता घेता ते मैदान पाण्याखाली जायचं, वर फक्त पुढची इमारत आणि मागचे मनोरे. मग टग, म्हणजे ओढणाऱ्या लहान होड्या, रिगला हळूहळू आणून बरोबर त्या बुडालेल्या मैदानावर उभं करायच्या. आम्ही टाक्यांतलं पाणी बाहेर फेकायला सुरुवात केली की जहाज खालून वर यायचं आणि रिगला पाठीवर घ्यायचं. उचलायचं कुणी काही नाही. आपणच खाली वाकायचं आणि ओझं घेऊन उठायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या घटकेला ते मैदान पाण्याखाली जातं, ती घटका वाईट. तोवर एवढा रुंद सपाट भाग पाण्यावर बसलेला असतो, त्यामुळे जहाज हलत नाही. तो भाग बुडाला की सगळा तोल त्या मनोऱ्यांवर आणि पुढच्या इमारतीवर. तेवढ्यात एका बाजूच्या टाकीत पाणी जास्त झालेलं असेल तर जहाज कलतं, आणि कलायला लागलं की विचारत बसत नाही. म्हणून कुठल्या टाकीत किती पाणी आहे हे सारखं मोजावं लागतं. प्रत्येक टाकीतून एक नळी वर आलेली असते. दोरीला बांधलेला पितळी गज खडू लावून तिच्यातून खाली सोडायचा, वर ओढायचा आणि खडू कुठवर भिजला ते सांगायचं. पंपांखेरीज हेही माझं काम. एवढं मोठं जहाज, आणि त्याचा जीव खडूच्या ओल्या रेघेवर.

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. एकदा खाडीतला गाळ उपसणारं एक जुनं, बोजड जहाज आम्ही पाठीवर घेतलं होतं. त्याचा म्हातारा फोरमन खाली उतरायलाच तयार होईना. जहाजावर जहाज आणि त्याच्यावर तो, असा त्यानं अख्खा प्रवास केला. रंगाच्या रिकाम्या डब्यांत त्यानं कोथिंबीर लावली होती. कठड्यावर एक पाण्यानं भरलेली थाळी ठेवायचा आणि थाळीतलं पाणी एका कडेला सरकलं की वरून ओरडायचा, "पंपवाले, डावीकडं जास्त झालं!" मी आधी चिडलो. मग टाक्या मोजल्या तर खरंच डावीकडे जास्त निघालं. उरलेला प्रवास मी त्याची थाळी आणि माझा गज दोन्हींवर विश्वास ठेवून काढला. कोथिंबीरही खाल्ली.

असा कामात मुरत असताना सुटीवर घरी आलो, तेव्हा बाबांनी जऊळक्याची मुलगी पाहायचं ठरवून टाकलं होतं. मुलीचे वडील तुळशीरामजी रेल्वेत की-मॅन होते. त्या काळी आमच्याकडे लहान रुळांची गाडी होती. की-मॅन म्हणजे रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रूळ तपासत मैलोन्‌मैल चालणारा माणूस. रूळ धरून ठेवणारी चावी, म्हणजे लोखंडी पाचर, ढिली झाली की ठोकायची, सुटलेला बोल्ट आवळायचा. काखेत दोन झेंड्या, एक लाल, एक हिरवी. रूळ तुटलेला दिसला तर लाल झेंडी दाखवून मेलसुद्धा थांबवायची, हा त्यांचा अधिकार. बोलणं थोडं आणि नजर कायम खाली, जणू घरातल्या फरशीचेही बोल्ट तपासताहेत.

आमच्या समाजात पत्रिका पाहायची भानगड नाही. मुलगा काय करतो, मुलगी किती शिकली, एवढं विचारलं की झालं. सुजाता मॅट्रिक झालेली होती. पण पहिल्या प्रश्नालाच घोडं अडलं. मी माझं काम सांगितलं आणि तुळशीरामजींनी कपबशी खाली ठेवली.

"म्हंजे तुमी जहाजावर असता, अन् तुमचं जहाज बुडवता?"

"हो मामा. पण परत वर काढतो."

"बुडालेलं वर येते हे मी कोनाच्या सांगन्यावर मानू?"

बाबा मधे पडले, "अहो, थो करूनच राह्यला ना इतके दिवस."

"करून राह्यला असन. मले दाखवा."

मी तरुण होतो आणि हुशारीचा थोडा माज होता. दुसऱ्या दिवशी जुन्या दुकानात जाऊन रॉकेलचा एक डबा आडवा धरून चारी बाजूंनी डाग देऊन बंद केला, खालून भोकं पाडली आणि वर सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब बसवली. ट्यूब सोडली की हवा बाहेर, पाणी आत, डबा खाली. तोंडानं फुंकलं की डबा वर. स्टेशनाजवळच्या गुरांच्या हौदात प्रयोग ठेवला. माल म्हणून तुळशीरामजींच्याच घरची लाकडी काथवट, जिच्यात भाकरीचं पीठ मळतात ती. बघायला अर्धं जऊळका. सुजाता पाण्याची बादली घेऊन जरा मागे उभी.

मी भाषण ठोकलं आणि ट्यूब सोडली. डबा छान खाली गेला. वरचा पत्रा पाण्याला टेकला, जरासा डुलला, आणि एका क्षणात उलटून पोट वर करून पडला. लोक इतके हसले की हौदावरची जनावरं बिचकून मागे सरली. तुळशीरामजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "झालं," आणि ड्युटीवर निघून गेले.

चूक माझीच होती आणि ती मला तिथल्या तिथे कळली. जहाजाच्या पोटात पुष्कळ टाक्या असतात, मधे भिंती असतात, म्हणून पाणी एका बाजूला धावत नाही. वर मनोरे असतात. घाईत मी डब्याला एकच खोली ठेवली होती आणि मनोरे तर विसरलोच होतो. जे रोज करतो तेच दाखवताना विसरलो, याची लाज जास्त वाटली. मी डबा काढत होतो तेव्हा सुजाता बादली भरायला पुढे आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बैल बसते तवा एकदम चारी पायांवर बसते का? पयले पुढचे गुडघे टेकते, मंग मागचं आंग सोडते. तुमी डब्याले एकदम बसवून राह्यले."

आमचा चीफ ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या खालचा मुख्य अधिकारी, नेमकं हेच सांगायचा. जहाज सरळ खाली न्यायचं नाही, आधी एक टोक, मग दुसरं. त्यासाठी तो जाड पुस्तक घेऊन बसायचा.

दोन दिवसांनी मी पुन्हा हौदावर हजर. या वेळी डब्यात दोन पत्रे घातले होते, एक उभा, एक आडवा. चार खोल्या, चार ट्यूब. चार कोपऱ्यांवर पावडरचे रिकामे डबे मनोरे म्हणून. आधी पुढचं टोक टेकवलं, मग मागचं. डबा पाण्याखाली गेला आणि शांत राहिला. काथवट सरकवत वर आणली आणि गाल फुगवून एकेक ट्यूब फुंकायला लागलो. होणाऱ्या सासऱ्यासमोर आणि होणाऱ्या बायकोसमोर असे गाल फुगवणं काही शोभेचं नव्हतं. पण डबा काथवट घेऊन वर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तुळशीरामजींनी काथवट एका कडेला सरकवून पुन्हा करायला लावलं. तिसऱ्यांदा त्यात दगड ठेवून. मग हौदाच्या काठावर बसले आणि म्हणाले, "आता सांगा. चालू कामात तुमाले काई गडबड दिसली, तं लाल झेंडी कोनाच्या हातात असते?"

मी म्हणालो, "थांबवायचा हुकूम चीफ ऑफिसरचा, नाहीतर कॅप्टनचा."

"मंग माही पोरगी मी कॅप्टनले देऊ का?"

त्यांनी खिशातून एक विटलेली लाल झेंडी काढली. नवी मिळाली म्हणून बाद झालेली असावी. ती माझ्या हातात दिली. "हे जवळ ठेवा. शंका आली का दाखवा, मंग समोर कोनीबी असो. ही खेप करून या. आल्यावर लगनाचं बोलू." सुजाता घरात होती, पण दार उघडं होतं. मी हो म्हणालो, आणि मनापासून म्हणालो.

त्या खेपेला आम्हाला आखातातून एक रिग मुंबईजवळच्या समुद्रात आणायचा होता. तिथे तेल सापडलं होतं आणि सगळ्यांनाच घाई होती. संध्याकाळपर्यंत वारा वाढेल असा निरोप होता, म्हणून सकाळीच जहाज बुडवायला घेतलं. चार टग, रिगवरची माणसं, मालकाचे प्रतिनिधी, सगळे आमच्याकडे डोळे लावून बसलेले. मी मागच्या डाव्या मनोऱ्यावर गज घेऊन. पुढचं टोक पाण्याला टेकलं. पाणी मैदानावरून चढत माझ्याकडे येऊ लागलं.

डावीकडच्या एका टाकीचं माप घेतलं, आणि ते मघाच्याच रेघेवर. पुन्हा गज सोडला. तीच रेघ. बाकीच्या टाक्या भरत होत्या, ही नाही. चीफ ऑफिसर त्या टाकीत आणखी पाणी सोडत होता, कारण माझ्या मापाप्रमाणे ती मागे पडली होती. आणि मग मला चिंधी आठवली.

हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. आमच्याकडे विहिरीवरच्या इंजिनाची कुठलीही नळी उघडी राहिली की कुंभारमाशी आत मातीचं घर करते आणि दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू होत नाही. म्हणून आमच्यातला कुठलाही मिस्त्री उघडी नळी दिसली की चिंधीचा बोळा कोंबतो. विचार करून नाही, हात आपोआप जातो. आदल्या आठवड्यात त्या टाकीच्या नळीचं पितळी झाकण हरवलं होतं. मी चिंधी कोंबली. दोन दिवसांनी नवीन झाकण आलं तेव्हा ते तसंच वरून आवळलं. भर समुद्रात कुंभारमाशी कुठून येणार होती, देव जाणे. आज पहिल्या मापालाच माझ्या गजानं तो बोळा खाली ढकलला असणार. तो तळाशी जाऊन बसला होता. टाकीत पाणी चढत होतं आणि नळीत चढत नव्हतं. म्हणजे ती टाकी मागे नव्हती, सगळ्यांच्या पुढे होती.

मैदान निम्म्याच्या वर पाण्याखाली गेलं होतं. वॉकीटॉकीवर टगवाल्यांचा इतका कल्लोळ होता की माझा शब्द शिरेना. पुढच्या इमारतीत धावत जावं तर मधे समुद्र. आणि खरं सांगायचं तर एक क्षण मी गप्पही राहिलो. थांबवलं की कारण विचारणार, आणि कारण मी. कदाचित निभावेल असंही वाटलं. मग हात बॉयलरसूटच्या खिशात गेला. मी मनोऱ्याच्या कठड्यावर चढून ती विटलेली झेंडी दोन्ही हातांनी हलवायला लागलो.

लाल रंग कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. पाणी घेणं थांबलं. तोवर जहाज डावीकडे थोडं कललं होतं, डोळ्यांना दिसेल इतकं. ती टाकी उपसायला घेतली तेव्हा तिच्यात किती जास्त पाणी होतं ते सगळ्यांना कळलं. काम अर्धा दिवस लांबलं, वारा आला, टग परत गेल्या. रिग दुसऱ्या दिवशी सकाळी चढवला.

चीफ ऑफिसरनं बोलावलं. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण चिंधी का?" कुंभारमाशीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला तेव्हा येत नव्हतं. हातांनी माशी काढून दाखवली, तिचं घर काढून दाखवलं. त्यानं एकदा माझ्या हातांकडे पाहिलं. मग त्यानं माझ्याकडच्या पंपांच्या किल्ल्या मागून घेतल्या. मुंबईपर्यंतचा प्रवास मी डेकवरचा गंज खरवडत केला.

जऊळक्याला उतरून थेट तुळशीरामजींचं घर गाठलं. काही न सांगता लग्न उरकता आलं असतं. जहाजावरचं जऊळक्याला कोण सांगणार होतं? पण झेंडी त्यांचीच होती. मी दारातच उभा राहून सगळं बोलून टाकलं. चूक माझी, चिंधी माझी, पंपमनचं काम गेलं, पुढे कंपनी ठेवील की नाही माहीत नाही. सुजाता चहा घेऊन आली होती, ती तशीच थांबली.

तुळशीरामजींनी तिच्या हातातले कप घेऊन खाली ठेवले. मग म्हणाले, "बसा. एकदा माहा हातोडा रुळावर राह्यला व्हता. पुढं मैलभर गेल्यावर आठवलं. मांगून मालगाडी येत व्हती. तसाच मांगं पयालो, झेंडी दाखवून गाडी थांबवली. सायेबानं इचारलं, काहून थांबवली? मनलं, माहाच हातोडा हाय. पंदरा दिवस घरी बसवलं मले." एवढं बोलून त्यांनी कप उचलला. "च्या घ्या. थंडा होऊन राह्यला."

एवढ्या काटेकोर माणसाचाही हातोडा राहू शकतो, या एका गोष्टीनं मला पुन्हा माणसात आणलं. महिन्याभरात बुद्धविहारात आमचं लग्न झालं. कंपनीनं पुढच्या खेपेला बोलावलं आणि त्याच चीफ ऑफिसरनं किल्ल्या परत दिल्या. नंतर मी पुष्कळ वर्षं तेच काम केलं. नवीन माणूस हाताखाली आला आणि चुकून रडकुंडीला आला की मी त्याला सासऱ्यांच्या हातोड्याची गोष्ट सांगायचो. ती गोष्ट मी सिंगापूरला सांगितली आहे, आखातात सांगितली आहे. मामांना समुद्र दाखवायचं मात्र राहून गेलं. दर सुटीत म्हणायचो, पुढच्या वेळी नक्की. ते म्हणायचे, "माहा हौदच बरा."

ते गेले तेव्हा सुदैवानं मी घरी होतो. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांच्या जुन्या गँगचे मुकादम गोविंदराव आले होते. तीस वर्षं दोघं एकाच रुळावर चालले. मी त्यांना विचारलं, "मामांचा हातोडा राहिला होता, ती मालगाडी कुठं थांबवली होती?"

गोविंदरावांनी हातातला पेला खाली ठेवला. "कोनाचा? तुळशीरामचा? बाप्पा, त्याचा हातोडा सोडा, कधी साधा पाना नाई राह्यला. आनं घरी कवा बसवलं त्याले? एक दिवस सुटी नाई घेतली त्यानं."

मी गोंधळलो. गडबड दिसली की लाल झेंडी दाखवायची, हे कबूल करून घेतल्याशिवाय ज्या माणसानं मुलगी दिली नसती, तोच माणूस माझ्यासमोर बसून धडधडीत खोटं बोलला होता. आणि मी ते जगभर सांगत फिरलो. राग आला का? हो, जरा आला. आणि आता विचारायलाही ते नव्हते, याचं वाईट जास्त वाटलं.

पाहुणे गेल्यावर मी सुजाताला सांगितलं. ती भांडी आवरत होती. तिनं मान वर केली नाही.

"माईत हाय मले," ती म्हणाली. "तवाच माईत व्हतं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कायले बोलू? त्या दिवशी तुमी दारात उभे व्हते ना, तो पयला डबा पलटी व्हायच्या आंदी जसा डुलला, तसे डुलून राह्यले व्हते. बाबानं मधात एक पत्रा टाकला, बस."